डावा पाय

टेम्पेस्ट सुटताना उजवीकडे ओढायचं,
नवं खोंड ओढतं तसं.
अडीच हजार घोडे नाकात जुंपलेले
आणि मी मागे, डावा पाय रडरवर रोवून,
मांडीला कापरं भरेस्तोवर.
समोर काही दिसत नसे. नाक आभाळात,
धावपट्टी कडेकडेनं चोरून पाहायची.
शेपूट उचललं, की मग जग.

तीन वर्षं दाबला हा पाय.
सुट्टीत अमळनेरला आलो की आई जोडे उलटे करून बघे :
तुना डावा जोडाच पहिले झिजस.

मग व्हँपायर आलं.
बुटकं, दोन शेपट्यांचं, अंगात लाकूड.
चढावं लागलं नाही,
धमनीत बसावं तसा आत उतरलो.
आणि समोर पंखा नव्हता.
काचेपुढे नुसती धावपट्टी,
टोकापर्यंत उघडी, घासून उपडी घातलेल्या परातीसारखी.
कुणी दार न वाजवता आत यावं
आणि आपण उघडेच असावं, तसं झालं मला.

शिकवायला दोन जागांचं विमान नव्हतं.
नायडूसाहेब बाहेरून ओणवे झाले, म्हणाले,
सँडी, थ्रॉटल हळू.
हे इंजिन आधी विचार करतं, मग उत्तर देतं.
(सैंदाणे कुणाला म्हणता येत नसे.)
खांद्यावर थाप. संपली शाळा.

सुटलो.
त्यानं ओढलंच नाही.
पाय मात्र सवयीनं दाबला गेला
आणि मी चाललो डावीकडे, गवताकडे,
कुणीही ढकललेलं नसताना.

वर गेल्यावर आवाज मागे राहिला.
मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.
स्वतःचा श्वास, मुखवट्यात, दुसऱ्याचा असल्यासारखा.

भिलाभाऊचं रॉकेलचं दुकान.
त्याला सांगितलं, आता पेट्रोल नाही, रॉकेलवर उडतो आम्ही.
तो मापटं हातात धरून हसत सुटला,
गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून सांगितलं.
आई हसली नाही. तिनं माझा सदरा हुंगला
आणि चुलीकडे गेली.

कुरुविला उतरत होता. नीट जमलं नाही,
पुन्हा वर जायचं ठरवलं त्यानं,
आणि जुन्या हातानं थ्रॉटल एकदम पुढे लोटला.
टेम्पेस्ट असतं तर उचललं असतं.
इंजिन विचार करत राहिलं.
बाजरी कमरेएवढी होती.
त्याचं सामान मी बांधलं :
चार कॉलर, दाढीचा ब्रश, आईला अर्धं पत्र.
जोड्यांचे तळ पाहिले नाहीत.

एकदा पुण्याला विमान पोचवायचं होतं.
वाट थोडी वाकडी केली, कबूल आहे.
सातपुडा, तापीची वाळू, बोरी,
गिरणीचं धुराडं.
टेम्पेस्टच्या वेळी आई तापीपासूनच ओळखायची,
पिठाचे हात पुसत धाब्यावर चढायची,
पदर हलवायची. मी पंख हलवायचो.
यावेळी धाबं दिसलं, रिकामं,
आणि दिसेपर्यंत चाळीसगावचे डोंगर आले.

भिलाभाऊच्या अक्षरात पोस्टकार्ड :
आई सांगते ते लिहितो.
आवाज उना. तू नही उना.

आता सत्त्याऐंशी चालू आहे.
मे महिना, दुपारी लाइट जाते.
घामानं बनियन चिकटून मी खुर्चीत,
सगळं गाव गप्प, इंजिन बंद पडल्यासारखं.
मग लाइट येते.
पंखा कुरकुरतो, एक पातं, दुसरं,
मग पाती दिसेनाशी होतात,
आणि डावा पाय फरशीवर आपोआप रुततो.

सून विचारते, दुखतोय का पाय?
नाही गं, म्हणतो. उजवीकडे ओढतंय जरा.
ती वर पाहते.
पंखा आपला जागच्या जागी फिरत असतो.